कॅप्सूल की बांगडा?

संध्याकाळी सातच्या लोकलमधून सीवूड्स-दारावे स्टेशनवर उतरलात की गर्दी दोन वाटांनी फुटते. एक घराकडे, दुसरी पाठीला सॅक लावून जिमकडे. या दुसऱ्या गर्दीत शेकरच्या शेजारी हल्ली हमखास दिसते ती पिवळ्या, पारदर्शक कॅप्सूलची बाटली. फिश ऑइल! का घेतोस रे, असं विचारून बघा. हार्टसाठी, सांध्यांसाठी, केसांसाठी, पिंपल्ससाठी, सेमिस्टरला डोकं चालावं म्हणून... एवढीशी कॅप्सूल आणि कामांची यादी ही एवढी. त्यातल्या त्यात प्रामाणिक उत्तर म्हणजे, ‘सगळेच घेतात यार.’

आधी बाटलीवरच नजर टाकू. पुढच्या बाजूला ठसठशीत लिहिलेलं असतं, १००० मिग्रॅ. हे वजन झालं तेलाचं. ज्यासाठी आपण पैसे मोजतो ते ओमेगा-३, म्हणजे ईपीए आणि डीएचए, मागच्या बारीक अक्षरांत सापडतं. साध्या कॅप्सूलमध्ये ते बहुतेक वेळा १८० आणि १२० मिग्रॅ असतं, म्हणजे एकूण ३००. उरलेलं ७०० मिग्रॅ दुसरी चरबी. दोन बाटल्यांची किंमत ताडून पाहायची असेल तर पुढचा आकडा विसरा आणि मागच्या दोन आकड्यांची बेरीज करा. त्याच लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही छापलेलं असतं. एफएसएसएआयच्या नियमानुसार ते छापावंच लागतं, कारण कायद्याच्या नजरेत हे पूरक अन्न आहे, औषध नाही. जाहिरातीत मात्र ते कुणी वाचून दाखवत नाही.

ही क्रेझ आली कुठून? १९७०च्या दशकात बँग आणि डायरबर्ग हे डॅनिश संशोधक ग्रीनलंडमध्ये गेले. तिथले इन्युइट लोक सील, व्हेल आणि मासे खातात, आहारात चरबी भरपूर, तरी त्यांना हृदयविकार कमी, असं चित्र त्यांच्या अभ्यासांतून उभं राहिलं. श्रेय ओमेगा-३ला मिळालं आणि पुढे एक अख्खी बाजारपेठ उभी राहिली. गंमत म्हणजे २०१४मध्ये काही संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा इन्युइटांमध्येही हृदयविकार इतरांइतकाच असल्याचं दिसलं. दूरदूरच्या वस्त्यांमधल्या मृत्यूंच्या नोंदीच धड नव्हत्या.

बरं, कॅप्सूलची थेट परीक्षाही झाली आहे. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना रोज एक ग्रॅम ओमेगा-३ची कॅप्सूल आणि निम्म्यांना दिसायला तशीच बिनकामाची कॅप्सूल दिली. पाच वर्षांच्या आसपास पाठपुरावा केला. २०१८मध्ये निकाल आला. हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू यांच्या एकत्रित आकड्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. याच चाचणीतल्या १८ हजारांहून अधिक जणांमध्ये नैराश्य टळतं का, तेही पाहिलं. टळलं नाही. ही सगळी मंडळी पन्नाशीच्या पुढची होती हे खरं. पण ज्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, त्यांनाच ठळक फायदा झाला नाही, तर विशीतल्या धडधाकट पोराने तो कसा मोजायचा?

मग हे तेल अगदीच फुकट का? तसंही नाही. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स खूप वाढले असतील तर डॉक्टर ओमेगा-३ देतात. पण तो डोस दिवसाला चार ग्रॅमच्या घरात, शुद्ध केलेल्या औषधाचा आणि देखरेखीखाली. साध्या कॅप्सूलने तो गाठायचा तर रोज तेरा-चौदा गिळाव्या लागतील. कृपया हा प्रयोग करू नका!

कारण जास्त डोसची दुसरी बाजू आहे. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार, एट्रियल फिब्रिलेशन, अनेक चाचण्यांमध्ये ओमेगा-३ घेणाऱ्यांत जास्त आढळला आणि डोस वाढला तसा धोकाही वाढलेला दिसला. २०२४मध्ये ब्रिटनमधल्या ४ लाख १५ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास आला. हृदयविकार नसलेल्यांपैकी जे नियमित फिश ऑइल घेत होते, त्यांच्यात या आजाराचं प्रमाण १३ टक्क्यांनी जास्त होतं. ज्यांना आधीच हृदयविकार होता, त्यांच्यात मात्र काही बाबतींत चित्र उलट, फायद्याच्या बाजूचं होतं. हा निरीक्षणाचा अभ्यास, त्यामुळे कारण तेलच होतं असं छातीठोक म्हणता येत नाही. पण ‘नॅचरल आहे, काय होतंय!’ हे वाक्य तरी आता गिळताना अडकायला हवं.

आणि इथे मला काळजी तुमच्यापेक्षा तुमच्या बाबांची वाटते. पहिला स्टायपेंड आला की आईला ड्रेस आणि अँजिओप्लास्टी झालेल्या बाबांना ‘हार्टसाठी चांगली’ म्हणून फिश ऑइलची बाटली, हे घराघरांत चालतं. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील, एखादी शस्त्रक्रिया ठरलेली असेल, ठोके चुकल्याची तक्रार असेल तर ती बाटली आधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. बाबा स्वतःहून सांगणार नाहीत. पोराने प्रेमाने आणलंय म्हणून गुपचूप घेत राहतील.

आजीच्या आठवणीतल्या कॉड लिव्हर ऑइलची गोष्ट आणखी वेगळी. ते माशाच्या यकृतातून काढतात, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून ते येणं थांबलं, तेव्हा आपल्याकडे शार्कच्या, म्हणजे आपल्या मोरीच्या, यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. पण अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि अती झालं की त्रास देतं, गरोदरपणात तर बाळालाही. त्यामुळे मल्टिव्हिटॅमिनसोबत हे तेलही चालू असेल तर दोन्ही लेबलं शेजारी ठेवून वाचा.

आता स्टेशनपासून करावे गावाकडे किंवा थोडं पुढे दिवाळे कोळीवाड्याकडे वळा. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे खा म्हणते, त्यातही तेलकट मासे. आपल्याकडे तेलकट म्हणजे बांगडा आणि तारली. पापलेटचा रुबाब मोठा, पण ओमेगा-३मध्ये ते बांगड्याच्या मागेच. हॉस्टेलच्या खिशाला परवडणारा मासाच इथे जास्त मार्क मिळवतो. एका मध्यम बांगड्यातून साध्या कॅप्सूलपेक्षा सहज जास्त ओमेगा-३ मिळतं. वर प्रथिनं मिळतात आणि जेवणही होतं. मासा लहान म्हणून मोठ्या शिकारी माशांच्या तुलनेत पाऱ्याची भीतीही कमी. तिरफळं घालून तिखलं केलंत तर उत्तमच. तेलात बुडवून तळला तर त्याची थोडी चरबी कढईत उतरते.

शाकाहारी मंडळींनी कॅप्सूल घेण्याआधी लेबलवरची तपकिरी खूण बघावी. तेल माशाचं, वरचं कवचही बहुतेक जिलेटिनचं. जवसाची चटणी आणि अक्रोड यांत ओमेगा-३ असतं, पण ते एएलए या प्रकारचं. शरीर त्यातला थोडाच भाग ईपीए-डीएचएमध्ये बदलतं. अगदी घ्यायचंच असेल तर शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या कॅप्सूल मिळतात. मासाही ते मूळ शेवाळातूनच मिळवतो.

बाटली आधीच घरात आली असेल, तर एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. ताज्या तेलाला समुद्राचा हलका वास असतो. जुन्या रंगासारखा उग्र दर्प आला तर तेल खवट झालंय. ती बाटली कितीला घेतली होती, हे आठवत बसू नका, टाकून द्या.