डिलीटच्या आधी ड्राय-रन

महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. पावसाळ्यात धानाच्या बांधीत ते घरटे करतात. त्या घरट्याचा, अंड्यांचा फोटो पिल्ले बाहेर पडल्यावर पुन्हा काढता येत नाही. म्हणूनच अशा फोटोंची दुसरी प्रत ठेवणारी स्क्रिप्ट दुरुस्त करायला बसलो, की मी घाई करत नाही.

त्या स्क्रिप्टमध्ये खरे काम करते ते आरसिंक, फाइलींच्या प्रती करणारे, 1996 पासून वापरात असलेले साधन. त्यातला डिलीट पर्याय मूळ जागी नसलेली फाइल प्रतीतूनही काढून टाकतो. मूळ फोटोंची डिस्क जोडलीच गेली नसेल तर तिच्या जागी रिकामा फोल्डर दिसतो, आणि स्क्रिप्ट इमानेइतबारे प्रतही रिकामी करते.

म्हणून आधी ड्राय-रन. काय होईल ते पडद्यावर उमटते, फाइलींना हात लागत नाही. त्या लांबलचक यादीत मी ‘डिलीटिंग’च्या ओळी आधी शोधतो. एकदा त्यात जुन्या वर्षांचे फोल्डर ओळीने दिसू लागले. कारण होते एक तिरकी रेघ. मूळ फोल्डर ‘सारस’. नावापुढे रेघ नसेल तर प्रतीच्या डिस्कवर ‘सारस’ फोल्डर तयार होतो. रेघ दिली, की आतले फोटो थेट डिस्कवर उतरतात आणि डिस्कवरचे बाकी सगळे डिलीटच्या लेखी जादा ठरते.

धोका दुसरीकडूनही येतो. डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी नवी आवृत्ती ठेवली गेली. स्क्रिप्ट चालवणारा बॅश हा प्रोग्राम ती एका दमात वाचत नाही, लागेल तशी पुढे वाचतो. मध्येच नवा मजकूर आला, व्हेरिएबल रिकामे राहिले, आणि जुने लॉग पुसणारी आज्ञा संशोधनाच्या फाइलींवर चालली. सुमारे 77 टेराबाइट गेले. चार संशोधन गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही.

चालू स्क्रिप्टला मी हात लावत नाही. बदल करायचा तो तिच्या नकलेत, चाचणी दहा-वीस फालतू फोटोंवर. सुरुवातीला ‘सेट -यू’ लिहितो, म्हणजे न ठरवलेले व्हेरिएबल आले की स्क्रिप्ट थांबते. मात्र ठरवलेले पण रिकामे व्हेरिएबल त्यातून निसटते, ते वेगळे तपासावे लागते. निघणाऱ्या फाइली बॅकअप-डिर पर्यायाने वेगळ्या फोल्डरमध्ये हलवतो.

तुमच्याकडे असे फोटो असतील तर आणखी एक डिस्क घ्या, आणि स्क्रिप्ट उघडण्याआधी तिची केबल काढून ती डिस्क कपाटात ठेवा.