भाजीपाल्याच्या शेतातील बहुवार्षिक तणे : ओळख आणि नियंत्रण

खुरपणी होऊन आठवडाही उलटत नाही, तोच कांद्याच्या वाफ्यात लव्हाळ्याची टोकदार पाती पुन्हा वर आलेली दिसतात. मजुरी दिलेली असते, कामही प्रामाणिकपणे झालेले असते. दोष खुरप्याचा नसून तणाच्या शरीररचनेचा आहे. भारतात निंदणीचे कष्ट मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येतात. अल्पभूधारकाच्या भाजीपाल्यात मजुरी हा खर्चाचा मोठा भाग असतो. त्यामुळे तणाची नेमकी ओळख हा त्यांच्या श्रमाचा आणि उत्पन्नाचाही प्रश्न ठरतो.

तणांचे आयुर्मानानुसार वार्षिक, द्विवार्षिक आणि बहुवार्षिक असे वर्गीकरण केले जाते. वार्षिक तण बियांवर जगते. बी धरण्यापूर्वी ते उपटले की त्याचा वंश तेथे खुंटतो. बहुवार्षिक तणाचे भांडवल मात्र जमिनीखाली, गाठी, काशा किंवा खोल मुळे यांत साठवलेले असते. वरचा भाग कापणे म्हणजे केवळ व्याज काढून घेणे होय. मुद्दल तसेच राहते.

लव्हाळा, शास्त्रीय नाव सायपेरस रोटंडस, हा या वर्गातील सर्वांत चिवट. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या जगातील तणांवरील एका प्रमाणभूत ग्रंथात त्याला पहिले स्थान देण्यात आले. उत्तर भारतात तो मोथा म्हणून ओळखला जातो. गवतासारखा दिसत असला तरी तो गवत नव्हे. फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरवून पाहावा : तीन कडा हाताला लागल्या तर तो लव्हाळा, गोल लागला तर गवत. पाने तीन रांगांत येतात आणि फुलोरा तांबूस-जांभळट असतो. त्याच्या गाठी बारीक भूमिगत खोडांनी माळेसारख्या जोडलेल्या असतात. पिवळ्या लव्हाळ्याच्या गाठी मात्र माळेत नसून खोडाच्या टोकाला एकेकट्या येतात.

ही माळ हेच लव्हाळ्याच्या चिवटपणाचे रहस्य आहे. माळ अखंड असताना टोकाकडील गाठीचा डोळा फुटतो आणि मागील गाठी बव्हंशी सुप्त राहतात. खुरप्याने किंवा रोटाव्हेटरने माळ तुटली की हे वर्चस्व संपते आणि सुप्त गाठीही फुटू लागतात. म्हणजे अर्धवट मशागत तणाच्या पथ्यावरच पडते. शिवाय लव्हाळा सी-४ प्रकारचे प्रकाशसंश्लेषण करतो, तर बहुतेक भाज्या सी-३ गटातील आहेत. कडक ऊन व उच्च तापमानात त्यामुळे त्याची सरशी होते. कांद्याची पाने अरुंद व उभी असल्याने जमिनीवर सावली पडत नाही, म्हणून कांद्याला हा शत्रू सर्वाधिक जाचतो. बटाट्यात तर त्याची टोकदार भूमिगत खोडे कंद भोसकून आरपार जातात.

हराळीचे स्वरूप वेगळे. गणेशपूजेतील दूर्वा तीच. देवघरात मान आणि शेतात वैर असे तिचे दुहेरी नाते आहे. ती जमिनीवर धावत्या खोडांनी व जमिनीखाली काशांनी पसरते, आणि एकाच बिंदूतून निघालेल्या बोटांसारख्या कणसांवरून ओळखू येते. दख्खनच्या काळ्या जमिनीत कुंदा आढळतो. त्याच्या काशा खोल जातात आणि वरवरच्या नांगरटीला दाद देत नाहीत. उत्तरेकडील रब्बी पिकांत हिरणखुरी, म्हणजे मराठीतील चांदवेल, पिकाला विळखा घालते. तिची मुळे खोल असतात आणि बी अनेक वर्षे जिवंत राहते.

गाठींचा साठा रिकामा करणे

नियंत्रणाचे सूत्र एकच आहे : साठा भरण्यापूर्वी तो खर्च करवणे. लव्हाळ्याचा कोंब वर आल्यावर साधारण तीन आठवड्यांनी नव्या गाठी धरू लागतात. त्याआधी प्रत्येक वेळी कोंब काढला, तर गाठीतील अन्नसाठा घटत जातो. मात्र एका गाठीला अनेकदा फुटण्याची क्षमता असल्याने हे काम एका हंगामात संपत नाही.

उन्हाळ्यातील खोल, आडवी-उभी नांगरट आणि त्यानंतर काशा व गाठी वेचणे हा जुना उपाय आजही प्रभावी आहे, कारण कोरड्या उन्हात गाठी सुकून मरतात. पण तो दख्खन किंवा बुंदेलखंडासारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशाचा उपाय आहे. केरळ वा आसामच्या दमट हवेत, तसेच बारमाही ओलिताच्या मळ्यात, गाठी सुकतच नाहीत. वर्षभर भाजीपाला घेणाऱ्या शेतकऱ्याने एक उन्हाळा पाणी तोडणे हा त्याच्या दृष्टीने त्याग असला, तरी त्याला तोड नाही.

लव्हाळा आणि हराळी या दोघांनाही सावली सोसत नाही. दाट पेरलेला ताग, धैंचा किंवा चवळी त्यांना दडपते आणि पुढे हिरवळीच्या खताचाही लाभ देते. प्लास्टिक आच्छादनाबाबत मात्र अपेक्षा माफक ठेवावी. वार्षिक तणे त्याखाली गुदमरतात, लव्हाळ्याचा कोंब ते भोसकून वर येतो.

रसायनांबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. पेंडिमेथॅलिनसारखी उगवणपूर्व तणनाशके उगवणाऱ्या बियांवर काम करतात, गाठींवर नव्हे. ग्लायफोसेट पानांतून गाठींपर्यंत पोहोचते, पण ते निवडक नसल्याने उभ्या भाजीवर पडल्यास भाजीही जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल उसातील लव्हाळ्यासाठी वापरले जाते, म्हणून ते कोणत्याही भाजीत चालेल असे समजणे चुकीचे. तणनाशकाची शिफारस पीकनिहाय असते.

देशात तण नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९७८ मध्ये सुरू झाला आणि १९८९ मध्ये जबलपूर येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले, जे पुढे तण संशोधन संचालनालय बनले. एकात्मिक तण व्यवस्थापनाची भूमिका या संशोधनातून दृढ झाली. तिच्या प्रसारातील एक अडचण तांत्रिक नसून जमीनधारणेची आहे. मोठ्या शहरांभोवतीचा भाजीपाला पुष्कळदा वर्षाच्या खंडाने घेतलेल्या जमिनीवर होतो. ज्या मळ्यातील गाठी संपवण्यास दोन-तीन हंगाम लागतात, तो पुढील वर्षी आपल्याकडे राहील याची खात्री खंडकऱ्याला नसते. मग तो पिकापुरते खुरपतो, आणि गाठींची माळ पुढच्या कुळासाठी जमिनीत तशीच राहते.