कवितेचे चित्र, कारागिराची कोरणी

कवितेच्या पानावर चित्र असणे ही आज नवलाची बाब नाही. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये मात्र ते नियतकालिकांचे मोठे आकर्षण होते. १८५९ मध्ये 'वन्स अ वीक' आणि १८६० मध्ये 'कॉर्नहिल मॅगझिन' व 'गुड वर्ड्स' सुरू झाले. जॉन एव्हरेट मिले, फ्रेडरिक सँडिस असे चित्रकार या काळात नियतकालिकांतील कवितांसाठी रेखाटू लागले. टेनिसन यांच्या कवितेला मिले यांचे चित्र १८५९ मध्ये, तर ख्रिस्तिना रोझेटी यांच्या 'आमोर मुंडी'ला सँडिस यांचे चित्र १८६५ मध्ये लाभले.

या वैभवाचा पाया होता लाकडी ठसा. थॉमस ब्यूइक यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बॉक्सवुडच्या खोडाच्या आडव्या छेदावर बारीक पोलादी हत्याराने कोरण्याची पद्धत रूढ केली. त्या कठीण पृष्ठभागावर केसासारखी सूक्ष्म रेघ टिकत असे. कोरीवकामानंतर उंच राहिलेला भागच शाई घेत असल्याने ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच वेळी छापता येई. त्यामुळे कविता आणि चित्र स्वस्तात एका पानावर आले. खोड अरुंद असल्याने मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे जोडावे लागत.

चित्रकार पांढरा लेप दिलेल्या ठोकळ्यावरच रेखाटन करी. कारागीर रेघांमधील लाकूड कोरून काढी आणि मूळ चित्र कायमचे नष्ट होई. उरे ते कोरणाऱ्याला जसे दिसले तसे. म्हणूनच वाद उद्भवत. टेनिसन यांच्या १८५७ च्या सचित्र आवृत्तीतील आपल्या चित्रांच्या कोरणीवर दान्ते गाब्रिएल रोझेटी नाराज होते. पुढे छायाचित्रण-तंत्राने चित्र ठोकळ्यावर उतरवता येऊ लागले आणि मूळ रेखाटन वाचू लागले.

कारागिराचे नाव मात्र वाचले नाही. लंडनच्या डॅल्झील बंधूंच्या कारखान्यात अनेकांनी कोरलेल्या ठशांवर सही असे ती केवळ 'डॅल्झील' अशी. कुटुंबातील मार्गारेट याही कोरणीकाम करीत. शतकाच्या अखेरीस छायाचित्रणावर आधारित धातूचे ठसे आले, मागणी ओसरली आणि १८९३ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. त्यांचे सुमारे ५४ हजार नमुना-ठसे ४९ खंडांत ब्रिटिश म्युझियमने जतन केले आहेत. कवी आणि चित्रकार यांच्यामधील त्या तिसऱ्या हाताचा हाच मोठा पुरावा होय.