विश्लेषण : पीएचडी जळगावात की पुण्या-मुंबईत? अर्ज भरण्याआधी हे तपासा

एमए, एमएस्सीचा निकाल हाती आला की जळगाव-धुळ्यातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. पीएचडी घराजवळच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून, म्हणजे ‘उमवि’तून करायची, की पुणे-मुंबई गाठायची? बहुतेक जण संस्थेच्या नावावरून ठरवतात. पण पुढची किमान तीन आणि नियमानुसार सहा वर्षे कशी जातील, हे नावापेक्षा तीन गोष्टींवर ठरते : विषय, पैसा आणि मार्गदर्शक.

पीएचडी खरेच हवी आहे का?

‘प्राध्यापक व्हायचे म्हणून पीएचडी’ हे गणित आता तितके सरळ नाही. यूजीसीच्या जुलै २०२३ च्या अधिसूचनेनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे आणि पीएचडी ऐच्छिक आहे. वरच्या पदांसाठी आणि संशोधनातील करिअरसाठी मात्र पीएचडी लागतेच. त्यामुळे नेट-सेट बाजूला ठेवून केवळ पीएचडीच्या मागे लागणे धोक्याचे ठरू शकते.

प्रवेशासाठी काय लागते?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत. एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रिमीलेअर), दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्क्यांची सूट आहे.

प्रवेशाचा एक मार्ग म्हणजे विद्यापीठाची स्वतःची ‘पेट’, दुसरा म्हणजे नेट. जून २०२४ पासून यूजीसी-नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफ, सहायक प्राध्यापक व पीएचडी प्रवेश आणि केवळ पीएचडी प्रवेश. शेवटच्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. हे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. म्हणजे निकालानंतर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्याला परीक्षा पुन्हा द्यावी लागू शकते.

कोणता विषय कुठे?

संशोधनाचे साहित्य जिथे आहे, तिथे राहणे सोयीचे. अहिराणी बोली, सातपुड्यातील आदिवासी समाज, केळी आणि कापसाचे अर्थकारण, तापी खोऱ्यातील पाणी या विषयांचे ‘फील्ड’ खान्देशातच आहे. इतिहासाच्या अभ्यासकासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाचा दस्तऐवज आणि समर्थ वाग्देवता मंदिराची हस्तलिखिते आहेत. असा विषय घेऊन पुण्यात नोंदणी केली, तर दर फील्डवर्कला गावी परतावे लागेल.

उलट मूलद्रव्य भौतिकी, खगोलशास्त्र किंवा रोज महागडी उपकरणे लागणारे रसायनशास्त्र असेल, तर आयसर पुणे, एनसीएल, आयुका, टीआयएफआर, आयआयटी मुंबई किंवा माटुंग्याची आयसीटी यांचा विचार आधी करावा. तिथे विषय आणि संस्थेनुसार सीएसआयआर-नेट, गेट किंवा जेस्ट लागते. तयारी एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासूनच हवी.

पैसे कोण देणार?

घरची परिस्थिती बेताची असेल, तर हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिन्याला ३७ हजार रुपये आणि नंतर एसआरएफ म्हणून ४२ हजार रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. हे पैसे विद्यार्थ्यासोबत जातात, त्यामुळे जेआरएफधारकाला शहर निवडण्याची मोकळीक असते.

जेआरएफ नसेल तर राज्याच्या योजना आहेत : एससीसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी महाज्योती, एसटीसाठी टीआरटीआय. केंद्राकडूनही एसटी विद्यार्थ्यांना दरवर्षी ७५० राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्या दिल्या जातात. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातील विद्यार्थ्यांनी त्यावर लक्ष ठेवावे. मात्र जागा मर्यादित असतात. ‘अधिछात्रवृत्ती मिळेलच’ असे धरून पुण्यात खोली घेऊ नये.

तासिका तत्त्वावर शिकवणारे किंवा नोकरी करणारे अर्धवेळ पीएचडी करू शकतात. नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि कोर्सवर्क त्यांनाही चुकत नाही.

मार्गदर्शक कसा निवडायचा?

प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात. जागा रिकामी आहे का, हे अर्जाआधी विचारावे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर मार्गदर्शकाच्या विद्यार्थ्यांचे जुने प्रबंध मोफत वाचता येतात. सध्याच्या दोन विद्यार्थ्यांना फोन करून ‘सर किंवा मॅडम वेळ देतात का’ हे विचारले, तर माहितीपत्रकात नसलेले बरेच कळते.

मुलींसाठी काय सवलत?

‘लग्न झाल्यावर पीएचडीचे काय’ हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. नियमावलीत त्याचे उत्तर आहे. महिलांना मुदतीत दोन वर्षांची जादा सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. लग्नामुळे गाव बदलले, तर काही अटींवर संशोधनाची माहिती नव्या संस्थेत नेता येते.

फसवणूक कशी टाळायची?

‘घरबसल्या, हमखास पीएचडी’ असे कोणी सांगितले तर सावध व्हा. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएचडी करता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातील ओपीजेएस, सनराइज आणि सिंघानिया या तीन विद्यापीठांना २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांसाठी पीएचडी प्रवेशास बंदी घातली.

मग अर्ज किती करावेत?

एकाच ठिकाणी अर्ज करून वाट पाहू नये. स्वप्नातील एक-दोन संस्था, विषयाला जुळणारी दोन-तीन विद्यापीठे आणि घराजवळचा एक पर्याय, अशी यादी करावी. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहाव्यात : मार्गदर्शक कोण, दरमहा पैसे कुठून येणार आणि संशोधनाचे साहित्य कुठे आहे. ज्या नावासमोर तिन्ही रकाने भरतात, तिथला अर्ज आधी भरावा, मग ती संस्था जळगावची असो वा मुंबईची.