विंचवाचे बिऱ्हाड, तेवीस किलोंचे

काचीगुडा स्टेशनाची घुमटांची इमारत १९१६ सालची. त्या इमारतीतून आमच्या सासूबाई १९४५ साली प्रथम बाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्यासोबत एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि रुखवतातली पितळेची पाच भांडी होती. मनमाडहून निघालेली मीटरगेजची गाडी औरंगाबाद, परभणी, नांदेड, निजामाबाद करीत त्यांना येथे घेऊन आली होती. माहेर नाशिककडचे, म्हणजे इंग्रजी मुलुखातले. सासर निजामाच्या राज्यातले. एवढ्याशा प्रवासात त्या काळी नाणेसुद्धा बदलत असे. निघताना वडिलांनी हातावर ठेवलेले शंभर रुपये कलदार होते आणि येथे चालत होता हाली सिक्का. सहा कलदारांस सात हाली, असा भाव. शंभराचे एकशे सोळा रुपये आणि वर काही आणे झाले, तेव्हा त्या नव्या नवरीला आपण एकाएकी श्रीमंत झाल्यासारखे वाटले. ती श्रीमंती किती टिकते, हे बाजारात पाऊल टाकल्यावर महिन्याभरातच कळले.

“येथले मीठ घ्यायचे तर हिशेब येथल्याच नाण्यात करावा,” असे त्या पुढे आम्हां सुनांना सांगत. त्यांनी बेगम बाजारातून भांडी आणली ती एकेक करून. शेगडी आधी, पाटा-वरवंटा मग, आणि कपाट सहाव्या वर्षी. तेही जुमेरात बाजारातले, जुने. पहिल्या दिवाळीला वडील भेटीस आले तेव्हा घरात खुर्ची नव्हती. सासूबाईंनी ती शेजारून मागून आणली. वडील दोन दिवस त्या खुर्चीवर बसले आणि जाताना म्हणाले, “खुर्ची परत देऊन टाक हो. मी सतरंजीवरही बसलो असतो.” ही आठवण सांगताना सासूबाई हसत, पण डोळ्यांत पाणीही येई.

ही गोष्ट मी लहानपणीच्या गोष्टींसारखी ऐकली आणि विसरले. तिची आठवण व्हायला आमच्या घरातल्या पुतण्याचे बिऱ्हाड मोडावे लागले.

दाखवण्याचा संसार

पुतण्या आणि त्याची पत्नी २०२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेस गेली, टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या इरव्हिंग गावी. त्याला नोकरी होती. तिच्या व्हिसावर तिला काम करण्याची मुभा नव्हती. शिक्षणासाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे होते. घर भाड्याचे, त्यात शेगडी, शीतकपाट आणि भिंतीतली कपाटे होती, बाकी सारे रिकामे. पहिल्या रविवारी त्यांनी फोनच्या पडद्यावर आम्हांला घर फिरवून दाखवले. येथे आम्ही सात-आठ माणसे दाटीवाटीने बसून पाहत होतो.

कोणी म्हणाले, “अगं, घर किती ओकेबोके दिसते!” कोणी विचारले, “सोफा अजून घेतला नाही?” आणि मी, त्याची सख्खी काकू, म्हणाले, “पाहुणे आले तर बसवाल कुठे?” तीन आठवड्यांनी त्यांनी पुन्हा घर दाखवले. आता सोफासेट होता, भिंतीएवढा दूरदर्शन संच होता, कोरीव डोक्याचा पलंग होता. आम्ही समाधानाने मान हलवली. हे सारे छत्तीसशे डॉलरांचे, दरमहा दोनशेच्या अठरा हप्त्यांवर घेतलेले आहे, हे त्या दोघांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

जानेवारीत त्याच्या कंपनीने बरीच माणसे कमी केली, त्यांत तो होता. त्याच्या व्हिसावर नोकरी सुटली की जास्तीत जास्त साठ दिवसांत दुसरी कंपनी शोधावी, व्हिसाचा प्रकार बदलून घ्यावा, नाही तर देश सोडावा, असा तेथील २०१७ पासूनचा नियम आहे. दुसरी नोकरी मिळाली ती पन्नासाव्या दिवशी, आणि तीही न्यू जर्सीत, दीड हजार मैलांवर. सामान वाहून नेण्याचा खर्च सामानाच्या किमतीएवढा होता. सोफा, संच, पलंग मिळून सहाशे डॉलरांस गेले. तोपर्यंत तीन हप्ते भरले होते. पंधरा राहिले होते, म्हणजे तीन हजार. वर भाड्याचा करार मुदतीआधी मोडल्याचा दंड. ज्या सोफ्यावर एकही पाहुणा बसला नाही, त्याचे पैसे ती दोघे पुढे वर्षभराहून अधिक काळ भरत होती.

हे मला त्याने नव्हे, सूनबाईने सांगितले. “काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” असे आधी म्हणून मग सांगितले. त्या रात्री मला सासूबाईंची ती मागून आणलेली खुर्ची आठवली. त्यांच्या वडिलांनी जे ओळखले होते, ते मी ओळखले नाही.

वहीतला हिशेब

न्यू जर्सीत एडिसनला दुसरे बिऱ्हाड मांडताना सूनबाईने वही घातली आणि दर रविवारी आम्ही दोघी फोनवर ती वाचू लागलो. आपल्या कितीतरी घरांतून आज मुले बाहेर जात आहेत, म्हणून त्या वहीतले चार मुद्दे येथे देते.

पहिला मुद्दा असा, की घरभाडे आणि डिपॉझिट हा सामानाच्या अंदाजपत्रकाचा भाग नव्हे. तो आधी बाजूला काढावा. न्यू जर्सीत कायद्याने दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक डिपॉझिट घेता येत नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असतो. नवख्या माणसाची पत तेथे नोंदलेली नसते, त्यामुळे घरमालक, प्रसंगी वीज कंपनीही, अनामत मागते. हे पैसे परत मिळण्याजोगे असले, तरी पहिल्या महिन्यात ते हातातून गेलेलेच असतात.

दुसरा, सामानाची रक्कम एकदाच ठरवावी आणि तिचा मोठा भाग शिल्लक ठेवावा. त्यांनी बाराशे डॉलर ठरवले. गादी, उशा व पांघरुणे यांस साडेतीनशे, स्वयंपाकघरास दीडशे, जुने टेबल, दोन खुर्च्या आणि दिवा यांस नव्वद, न्हाणीघर, झाडू, कचरापेटी यांस ऐंशी. एकूण सहाशे सत्तर. उरलेल्या पाचशे तीसला तीन महिने हात लावायचा नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण आपण उठताबसता वापरतो. येथे ती शब्दशः खरी झाली, कारण खर्चाचा पहिला आणि सर्वांत मोठा आकडा अंथरुणाचाच होता. निजणे, रांधणे, बसणे हा क्रम, आणि दाखवणे सर्वांत शेवटी.

तिसरा, गादी नवी घ्यावी, लाकडी वस्तू जुन्या चालतील. तेथे शनिवारी सकाळी लोक अंगणात नको असलेले सामान विकायला मांडतात. ‘गुडविल’सारख्या धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकाने गावोगावी आहेत, ही संस्था १९०२ साली बॉस्टनमध्ये सुरू झाली. विद्यापीठांच्या गावी मे महिन्यात सत्र संपले, की मुले टेबल-खुर्च्या फुकटही देऊन टाकतात. आमच्या जुमेरात बाजाराची सवय असलेल्यांस यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मात्र रस्त्यावर ठेवलेली गादी वा कापडी कोच कधीही उचलू नये. ढेकूण तेथेही आहेत, आणि ते घालवण्याचा खर्च नव्या गादीहून अधिक येतो.

चौथा, ‘बिनव्याजी हप्ता’ हे शब्द दिसले की बारीक अक्षरे वाचावीत. काही दुकानांच्या योजनांत ठरलेल्या मुदतीत पै न पै फेडली नाही, तर खरेदीच्या दिवसापासूनचे सारे व्याज एकदम लागते.

आणि गुणाकार? एका डॉलरास ऐंशीहून अधिक रुपये, असा हिशेब करीत बसले तर माणूस गादीही घेणार नाही आणि पाठदुखी ओढवून घेईल. रोजच्या खर्चात डॉलरची तुलना डॉलरमधल्या पगाराशीच करावी. येथले कर्ज फेडण्यासाठी पाठवायची रक्कम मात्र पगाराच्या दिवशीच वेगळी काढावी. सासूबाईंचे मिठाचे सूत्र ते हेच.

पेटीत काय, तिकडे काय

जुन्या लोकांस आठवत असेल, सत्तरीच्या दशकात परदेशी जाणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या हाती परकीय चलन म्हणून अवघे आठ डॉलर पडत. आता एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम नेण्याची वा पाठवण्याची परवानगी आहे. म्हणजे मर्यादा आता रिझर्व्ह बँकेची फारशी उरली नाही. ती विमानातल्या पेटीची आहे. बहुतेक तिकिटांवर तेवीस किलोंच्या दोन पेट्या, काहींवर एकच. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे आपल्या मुलांचे बिऱ्हाड या वजनकाट्यावर.

त्या तेवीस किलोंत मिक्सर घालू नये. आपली वीज दोनशे तीस व्होल्टची, अमेरिका-कॅनडात ती एकशे वीसची. आपला मिक्सर तेथे जड ट्रान्सफॉर्मरवाचून धड चालत नाही. इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियात वीज आपल्यासारखी, तेथे फक्त पिन बदलावी लागते. कुकर न्यावा, पण सपाट बुडाचा आणि चुंबक चिकटेल अशा स्टीलचा. म्हणजे तो इंडक्शनच्या शेगडीवरही चालेल. पोळपाट-लाटणे, सपाट तवा, झारा, किसणी आणि मसाल्याचा डबा एवढे पुरे. पलंगावरच्या चादरी ढिगाने देऊ नयेत, कारण मापे जुळत नाहीत. अमेरिकेतला ‘क्वीन’ पलंग साठ इंच बाय ऐंशी इंच असतो, जर्मनीत मापे सेंटिमीटरची. जाण्यापूर्वी ही मापे डोळ्यांखालून घालायची असतील, तर स्वीडनच्या ‘इकिया’ची भारतातली पहिली शाखा ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादेतच उघडली आहे. सुटे भाग घरी नेऊन आपणच फर्निचर जोडायची रीत तेथे पाहता येते. पाहावे, किमती टिपून घ्याव्यात, आणि काही न घेता परत यावे.

ज्या गावाची जी रीत

सारे परदेश सारखे नसतात. जर्मनीत भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाची जोडणी एवढेच असते. कपाटे, शेगडी, कधी छताचे दिवेही आपले आपण आणावे लागतात. म्हणून तेथे जाणाऱ्याने ‘स्वयंपाकघरासह’ असे लिहिलेले घर शोधावे, थोडे भाडे अधिक पडले तरी चालेल. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत घेता येते, पण ते तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूस दिला आहे. इंग्लंडमध्ये २०१९ पासून सर्वसाधारण घरांस पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक डिपॉझिट घेता येत नाही, आणि तेथे सामानासह मिळणारी घरेही पुष्कळ आहेत. पहिल्या वर्षासाठी ती सोयीची.

पण सर्वांत मोठी सूचना जाणाऱ्यांस नाही, येथे राहणाऱ्या आपणांस आहे. मुलांनी घर दाखवले की रिकाम्या भिंती मोजू नयेत. सोफा घेतला का, हे विचारण्याऐवजी झोप नीट लागते का, हे विचारावे. आपल्या एका प्रश्नाचे मोल तिकडे डॉलरात भरले जाते, हे मी महागात शिकले. किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली.

गेल्या दिवाळीत पुतण्याने पुन्हा घर दाखवले. टेबल जुने, खुर्च्या दोन आणि दोन्ही निराळ्या रंगांच्या. शेवटचा हप्ता संपल्याचे त्याने आपणहून सांगितले. मग म्हणाला, “काकू, तुम्ही आलात तर बसायला काय देऊ?”

मी म्हणाले, “सतरंजी अंथर बाबा. मी खाली बसेन.”