बंद दार सोडायचं नाही

दुपारी बाराला मीरा रोडच्या पूनम सागर संकुलातल्या कुठल्याही विंगमध्ये शिरा. मजल्यावरच्या चार दारांपैकी दोन-तीन बंद. माणसं सकाळीच लोकलला लटकून अंधेरी-चर्चगेटकडे गेलेली. उघड्या दारात भेटतात ते पेन्शनर, नाहीतर नातवंडं सांभाळणारी आजी. नमुना सर्वेक्षण बिघडतं ते इथेच. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात क्षेत्रकाम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नव्या अन्वेषकाला मी आधी हेच बजावायचो, की निवडलेलं दार बंद म्हणून शेजारचं उघडं दार घ्यायचं नाही. रात्री नऊला परत जा, रविवारी जा. सोपी दारं जमवलीत तर कागदावरचा मीरा रोड भलताच म्हातारा होऊन बसतो.

मुळात दार निवडणं अन्वेषकाच्या मर्जीवर नसतंच. राष्ट्रीय नमुना पाहणीसाठी शहराचे साधारण सहाशे ते आठशे वस्तीचे गट पाडलेले असतात. प्रत्येकाच्या चारही हद्दी लिहिलेल्या: इकडे रस्ता, तिकडे नाला, पलीकडे शाळेची भिंत. आधी यादृच्छिक आकड्यांनी गट निवडायचे, मग त्या गटातल्या घरांची यादी करायची, आणि यादीतून घरं. जे यादीत नाही त्याची निवड कधीच होणार नाही. म्हणून जिन्याखालची वॉचमनची खोली आणि दुकानावरचा पोटमाळाही, तिथे कुणी राहत असेल तर, यादीत हवा. आळशी अन्वेषक हेच गाळतो.

एवढी यातायात कशाला, एकाच संकुलातली चारशे घरं विचारली की झालं, असं लोक म्हणतात. नाही होत. शेजारी शेजाऱ्यासारखा असतो. घरं एकाच बिल्डरची, साधारण एकाच किमतीची, पाणी एकाच टाकीचं. पाणी किती तास येतं हे एका विंगमधल्या वीस घरांना विचारलंत तर एकच उत्तर वीसदा लिहाल. घरखर्चात साम्य इतकं नसतं, पण असतं, आणि ते मोजता येतं. समजा शून्य ते एक या पट्टीवर ते 0.2 आहे आणि दर इमारतीत 20 घरं घेतली. उरलेल्या 19 शेजाऱ्यांना 0.2 ने गुणा, त्यात 1 मिळवा: 4.8. चारशेला त्याने भागलं की हाती राहते जेमतेम 83 सुट्या घरांइतकी माहिती. चारशेच घरं, पण ऐंशी इमारतींतून पाच-पाच घेतली, तर ती माहिती 222 घरांइतकी होते. पायपीट वाढते, हे खरं.

शेजाऱ्यांतलं साम्य जसं, तसाच वस्त्या-वस्त्यांतला फरकही नमुन्यात धरावा लागतो. जुलै 2020 मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने करोनाच्या प्रतिपिंडांची पाहणी केली. तीन विभाग घेतले होते: माटुंग्याचा एफ उत्तर, चेंबूरचा एम पश्चिम आणि आमच्या वेशीला लागून असलेला दहिसरचा आर उत्तर. 8,870 नमुन्यांचा अंदाज होता, मिळाले 6,936. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, बाहेर 16 टक्के. दोन्ही वस्त्या वेगळ्या मोजल्या म्हणून हा फरक दिसला. सरसकट नमुना घेतला असता तर मधलाच एक आकडा आला असता, जो ना झोपडपट्टीचा ना टॉवरचा. आणि 57 अधिक 16 भागिले दोन, हे तर मुळीच करू नये. कुठे किती माणसं राहतात त्याप्रमाणे वजन द्यावं लागतं. न मिळालेल्या दोनेक हजार नमुन्यांचं दुखणं वेगळंच. रक्त द्यायला नाही म्हणणारा माणूस हो म्हणणाऱ्यासारखाच असेल, असं धरून चालता येत नाही.

आमच्याकडे तेव्हा तो 16 टक्क्यांचा आकडा आपलाच म्हणून फिरत होता. दहिसर चेकनाका इथून लांब नाही, इमारतीही तशाच, मग आपल्याकडे वेगळं काय असणार? असेलही तसंच. पण ती अटकळ झाली, अनुमान नव्हे. नाका ओलांडला की पालिका बदलते, आणि मीरा-भाईंदरचं एकही घर त्या निवडीत येऊ शकत नव्हतं.