कापसाची गुलाबी अळी आणि गंधाची दोरी

आपल्या वेंगुर्ल्यात आंबा-काजू पिकतो, कापूस नाही. पण आपल्या दुकानांत सुती कापडाचा जो तागा उलगडतो, त्याचे नशीब विदर्भ, मराठवाडा, खानदेशाच्या शेतात ठरते. म्हणून व्यापारी बांधवांनी हा विषय समजून घ्यावा.

गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकी खाते. रुईला डाग पडतात, धागा कमजोर होतो आणि माल ‘कवडी’ म्हणून कमी भावात जातो. बीटी कपाशी २००२ साली आली, दोन जनुकांचे बियाणे २००६ साली. अळीने दोन्ही पचवली आणि २०१७ साली महाराष्ट्रात मोठे नुकसान केले. बोंडात लपलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

आता उपाय. रात्री मादी पतंग एक खास गंध सोडते व नर त्या मागावर येतो. असा गंध प्रथम रेशमाच्या पतंगात सापडला. जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी १९५९ साली तो ओळखला. बोंडअळीच्या पतंगाचा गंध १९७३ साली कळला. त्याला गॉसिप्लुअर म्हणतात व तो कारखान्यात बनतो.

त्याचे उपयोग दोन. पहिला कामगंध सापळा. आपले बागायतदार आंब्यावरील फळमाशीसाठी रक्षक सापळा लावतात, तसाच हाही नराला ओढतो. कपाशीत एकरी दोन सापळे पाहणीपुरते असतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की धोका समजावा. दुसरा उपयोग मीलन रोखण्याचा. गंध भरलेल्या छोट्या दोऱ्या झाडांना बांधतात. शेतभर तोच वास दरवळला की नराला खऱ्या मादीचा पत्ता लागत नाही. मीलन नाही, तर फलित अंडी नाहीत आणि अळीही नाही. यात विषाची फवारणी नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दोरी पात्या लागतानाच बांधावी लागते. मावा-तुडतुड्यांवर तिचा काही असर नाही. खर्च आहे. आणि एकट्याच्या शेतात बांधून भागत नाही, कारण शेजारच्या शेतात मीलन झालेली मादी उडून येते व अंडी घालते. गावाने मिळूनच हे करावे लागते. फरदड घेणेही सोडावे लागते. अमेरिकेने बीटी, नपुंसक पतंग व गंध असे उपाय एकत्र वापरले, तेव्हा २०१८ साली तिथल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर झाले.

व्यापाऱ्यांचाही यात वाटा आहे. जिनिंगच्या आवारात पडलेल्या कवडी कापसात व सरकीत अळी जिवंत राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन शेतात परतते. आवार साफ ठेवणे, तिथे सापळे लावणे आणि स्वच्छ कापसाला रास्त भाव देणे एवढे केले, तरी शेतकऱ्याला मोठा आधार होईल.